बादशाहचे अकरा कर्णे

लासुर्ण्यात आणि आसपासच्या दहा गावांत लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टका कुणीही म्हणोत, पंगत बसायची ती बादशाहच्या आवाजावर! 'न्यू बादशाह साउंड सर्व्हिस'चा मालक, चालक, वायरमन आणि निवेदक, चारही तोच. त्याने माइकमध्ये दोनदा फुंकर मारून "जेवायला बसून घ्या" म्हटल्याशिवाय पत्रावळीला हात लावायचा नाही, असा पंचवीस वर्षांचा रिवाज. त्यामुळे बादशाहला स्वतःच्या आवाजाचा जरा जास्तच अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"हे बघ," त्या दिवशी त्याने बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं, "शनिवारच्या आत पुढची खोली मोकळी! आन् एकबी कर्णा भंगारात न्हाय जाणार. लिहून ठेव!"

"लिहू कशावर? वही ठेवायला जागा हाय का घरात?" बिस्मिल्ला म्हणाली.

तिचंही खोटं नव्हतं. पुढच्या खोलीत अकरा जुने कर्णे नांदत होते. हल्ली लोकांना छातीत धडधडणारे मोठाले बॉक्स लागतात, कर्ण्यांना कोण विचारतो? एकाचं तोंड चेपलेलं, एकाचं युनिट जळलेलं, तिसऱ्यातून माणूस बोलला की सर्दी झाल्यासारखा ऐकू यायचा. पण भंगारवाल्याची गाडी गल्लीत आली की बादशाह दार लावून घ्यायचा. "ह्यो बघ, ह्यो सुप्याच्या बाजारात लिंबावरनं खाली पडला. पडून बी बोलतच हुता! ह्याला तराजूत घालू?" असं म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे.

पण आता प्रश्न घरच्या कार्याचा होता. साजियाची, त्याच्या एकुलत्या एका लेकीची, मंगनी रविवारी अकरा वाजता ठरली होती. मुलगा सद्दाम, भिगवणचा. त्याची आई सबिना मासळीच्या लिलावात उभी राहिली की दलालसुद्धा टोपी सावरतात म्हणे! या सबिनाभाभींची अट एकच होती.

"घेणं न्हाय, देणं न्हाय," त्यांनी बोलणीतच सांगितलं होतं. "फकस्त आमी दारात उतरलो का मुलीचा बाप दारात दिसला पायजे. माझ्या थोरल्या सुनेचा बाप मंगनीला दोन तास उशिरा आला. ते आमच्या भाऊबंदात अजून निघतंय. तुमचा धंदा दुसऱ्याच्या लग्नात उभं ऱ्हायचा. त्या दिवशी जर तुमी कुणाच्या मांडवात घावला, तर आमी तसंच मागं फिरणार!"

बादशाहने त्या दिवसाची आलेली सुपारी तिथल्या तिथे फोन करून परत केली होती. साजियासाठी त्याने सुपारीच काय, माइकसुद्धा सोडला असता. निदान एक दिवस.

तर कर्णे. पहिला प्रयोग कोंबडीवर झाला. बादशाहने एक कर्णा पालथा घालून तिचं घर केलं. कोंबडी आत गेली, सवयीने एकदा ओरडली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून जी बाहेर उडाली ती चार दिवस अंड्यावर बसली नाही. दुसऱ्यात मोगरा लावला, तर घातलेलं पाणी मागच्या भोकातून थेट बिस्मिल्लाच्या गहू निवडायच्या सुपात. तिसरा त्याने स्वतः डोक्यावर घेऊन गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, कुणी मागतं का बघायला. कुणी मागितला नाही. दोघांनी तब्येत विचारली.

गुरुवारी सिंधुबाई आल्या. जंक्शन गावाच्या रस्त्याला त्यांची दोन एकर ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरांनी नुसता उच्छाद मांडला होता. पंधरा दिवस माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून आणि ओरडून त्यांचा घसा पार बसला होता.

"बादशाभाई," त्या कशाबशा बोलल्या, "एखादा कर्णा द्या की. माझ्याच्यानं आता हुर्र बी म्हणवत न्हाय."

बादशाह त्यांच्याकडे बघतच राहिला. मग कर्ण्यांकडे बघितलं. मग बिस्मिल्लाकडे बघून त्याने अशी मान डोलावली की जणू ही कल्पना तीन वर्षांपूर्वी त्यालाच सुचली होती.

"एक कशाला, दोन घ्या! आवाज बी माझाच देतो!"

त्याच दुपारी त्याने गोधडी पांघरून, मधूनमधून पत्र्याचा डबा बडवत अर्धा तास आरोळ्या रेकॉर्ड केल्या. "हाऽऽ हुर्रर्र! चल निघ हितनं! पुन्यांदा दिसू नगंस!" शेजारची दोन कुत्री गल्ली सोडून गेली. आवाज उत्तम आलेला आहे हे त्यावरूनच कळलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. घरामागचा मकेवाला भिमा आला, द्राक्षबागवाला दिग्विजय आला, आणखी दोघं आले. पाच शेतकरी, अकरा कर्णे! सिंधुबाईंनी तिसरा, चेपलेला, बुजगावण्याचं डोकं म्हणून नेला. बादशाहने युनिटं बदलली, फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालतील असे छोटे ॲम्प्लिफायर जोडले आणि मेमरी कार्ड घेऊन मोबाइलच्या दुकानात अबरारकडे गेला.

"ह्याच्या चार कॉप्या काढ."

"भाई, ह्यात अजून बी काय काय हाय. समदं उतरवू का फकस्त हुर्र?"

आता इथे बादशाहने एक क्षण विचार करायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी खोकल्याने घसा बसला तेव्हा त्याने लग्नातलं आपलं सगळं निवेदन, तीच वाक्यं पुन्हापुन्हा म्हणून, चांगलं अडीच तासांचं, याच कार्डात भरून ठेवलं होतं. पण अबरारने "काय काय हाय" म्हटलेलं त्याच्या मनाला लागलं. त्याच्या आवाजातलं काही गाळायचं म्हणजे काय!

"समदं जसंच्या तसं उतरव. हुर्र फकस्त वर घे," तो म्हणाला.

शनिवारी दुपारपर्यंत पाचही शेतांत कर्णे चढले. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं वाजवून दाखवलं. ज्वारीवरून पाखरांचा असा काही थवा उठला की सिंधुबाईंनी बसलेल्या घशाने टाळ्या वाजवल्या, म्हणजे टाळ्या हातानेच, पण कौतुक घशाने.

"एक ध्यानात ठेवा," बादशाहने पाचही जणांना बजावलं, "चालू करायचं ते समद्यांनी एकदम. न्हायतर सिंधुबाईची पाखरं उठून भिमाच्या मकंवर बसत्याल." शेतातली लाईट रविवारी सकाळी आठला येणार होती, बॅटऱ्या चार्ज व्हायला दोन तास. तेव्हा ठरलं, दहाच्या ठोक्याला!

रविवारी पुढच्या खोलीत नवी सतरंजी, तक्के, अत्तराचा वास. दहा वाजता पाचही बाजूंनी "हुर्रर्र!" उठलं तेव्हा बादशाह नव्या पांढऱ्या कुर्त्यात दाराशी खुर्ची टाकून बसला होता. पंचवीस माणसांच्या बिर्याणीला दम बसत होता. बिस्मिल्ला बाहेर आली, मोकळ्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाली, "केलं बरं का एक काम!" लग्नानंतर तिने केलेली ही दुसरी स्तुती. पहिली आता त्याला आठवत नव्हती.

साडेदहाला हुर्र थांबलं. क्षणभर शांतता. मग भिमाच्या मक्यातून फुंकर ऐकू आली. एक, दोन. आणि पाठोपाठ आवाज आला.

"लग्नघटिका समीप आलेली हाय! मामांनी नवरीला घिऊन मांडवात यावं!"

बादशाह चांगली दहा मिनिटं खुशीत मान डोलवत राहिला. कुणाचं लग्न आहे आज? आवाज मात्र काय खणखणीत माणसाचा आहे! पुढच्या वाक्याला त्याची मान थांबली.

"पांढऱ्या रंगाची चारचाकी रस्त्यात आडवी लावलेली हाय. ती मालकानं तातडीनं काढावी!"

प्रत्येक लग्नात एक पांढरी गाडी रस्त्यात आडवी असतेच, म्हणून बादशाहने तेही तेव्हा भरून ठेवलं होतं.

"आन् समद्यांना नम्र विनंती, कुणीबी जेवल्याशिवाय जाऊ नये!"

तो उठून उभा राहिला. खुर्ची पडली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सबिनाभाभी!

"भाई, कुठं हाय तुमी?"

"घरीच की भाभी! दारात बसलोय, तुमची वाट बघत!"

"दारात? मग हितं कोण बोलतंय? जंक्शन सोडल्यापास्नं तीन लग्नं लागली रस्त्यात, तिन्हीकडं तुमीच! आमची मंगनी धरून एका दिवसात चार सुपाऱ्या घेतल्या व्हय?"

"भाभी, अल्लाची शपथ, मी घरी हाय! ते पाखरांसाठी..."

आणि नेमकं तेव्हा, त्याच्या पाठीमागून, भिमाच्या मक्यातून, मोठ्या उत्साहात आवाज आला. "जेवायला बसून घ्या! पयली पंगत पाहुण्यांची!"



"पाखरांचं लग्न हाय का?" सबिनाभाभी थंडपणे म्हणाल्या. "सद्दाम, गाडी वळव!"

फोन बंद झाला. बादशाहने फोन खिशात घातला. पंचवीस वर्षं ज्या आवाजाने गावची लग्नं लावली, त्याच आवाजाने लेकीचं मोडलं, हा विचार त्याला सहन होईना. दारात साजिया उभी होती, नव्या कपड्यांत, मेंदीच्या हाताने चौकट धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

"अब्बा, गाडी कुठं हाय त्यांची?"

"तिसरं लग्न म्हणाल्या, म्हंजी सिंधुबाईच्या ज्वारीपाशी वाटतं. तुझ्या बापानं..."

"ते मागनं. जावा तितं. आन् एक करा. कायबी बोलू नका. नुसतं तोंड मिटून त्यांच्यापुढं उभं ऱ्हावा."

"न बोलता समजवू कसं?"

"तुमी बोलला का समदं अवघड हुतंय, अब्बा. जावा!"

बादशाहने मोटारसायकलला किक मारली. वाटेत दिग्विजयच्या द्राक्षबागेच्या फाटकाशी आठ-दहा माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी होती. "बादशाभाई, मांडव कुठं हाय?" त्यांनी ओरडून विचारलं. त्याने हात नुसता हवेत हलवला. माणसांना वाटलं, 'माझ्यामागं या'. ती मागे निघाली.

सिंधुबाईंच्या शेतापाशी पांढरी गाडी होती. गेलेली नव्हती! त्याचं कारण असं, की सद्दाम गाडी वळवायला रस्त्यात आडवी घालायचा आणि नेमकं तेव्हाच कर्णा ओरडायचा, "पांढऱ्या रंगाची चारचाकी!" शिस्तीचं पोर. घाबरून पुन्हा सरळ करायचा. असं तीनदा झालं होतं.

बांधाच्या कडेला तीसेक माणसं ओळीने मांडी घालून बसली होती. पहिल्या जागेवर आबाजी. या आबाजींनी आसपासच्या दहा गावांतली एकही पंगत चुकवलेली नव्हती. त्यांच्यापुढे सिंधुबाई हातवारे करत होत्या, पण घसा बसलेला. त्या काय सांगतायत हे कुणालाच कळत नव्हतं.

सबिनाभाभी गाडीतून उतरल्या. बादशाहने मोटारसायकल लावली आणि धावत जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. तोंड उघडलं. साजिया आठवली. मिटलं.

"बोला की आता!" सबिनाभाभी म्हणाल्या.

बादशाह गप्प. कपाळावर घाम. पंचवीस वर्षांत एवढा वेळ तो जागेपणी कधी गप्प राहिला नव्हता. त्याने फक्त बोट वर केलं, खांबावरच्या कर्ण्याकडे.

"मामांनी नवरीला घिऊन मांडवात यावं!" कर्णा म्हणाला.

सबिनाभाभींनी कर्ण्याकडे बघितलं. मग बादशाहच्या मिटलेल्या ओठांकडे. मग पुन्हा कर्ण्याकडे.

"कुणीबी जेवल्याशिवाय जाऊ नये!"

ओठ मिटलेलेच. डोळ्यांतून मात्र पाणी आलेलं.

"म्हंजी तुमी खरंच घरी हुता?"

बादशाहने मान हलवली. आता बोलायला हरकत नव्हती, आणि त्याला राहवलंही नाही. त्याने कोंबडीपासून अबरारपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. "पाखरं हाकायला लावलंय भाभी. चूक माझी. लेकीची न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"हाकायला?" सबिनाभाभींनी ज्वारीकडे हात केला. प्रत्येक कणसावर एक पाखरू निवांत बसून टिपत होतं. "हे तर त्यांना जेवायला बोलावतंय!"

"आन् ऐकत्यात बी," सिंधुबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तवापास्नं एक बी उठलं न्हाय."

इकडे आबाजींचा धीर सुटला. "बादशा! पंगत कवा बसायची? पाय अवघडले."

"आबाजी, लग्न न्हाय हो कुणाचं. चुकून लागलं ते."

"लग्नाचं आमाला काय करायचंय? तू म्हणालास जेवल्याशिवाय जाऊ नये. तुझा शब्द कवा खोटा झाला न्हाय, म्हणून बसलो!"

तीसच्या तीस माना हलल्या. बादशाहने मागे बघितलं, तर द्राक्षबागेकडची मंडळीही येऊन ओळीत बसत होती. सबिनाभाभी हे सगळं बघत होत्या. लिलावातल्या बाईला माणूस पारखायला वेळ लागत नाही.

"नुसत्या तुमच्या शब्दावर एवढी माणसं उन्हात येऊन बसली?" त्या म्हणाल्या. "मग आमी बी बसतो. बाप समोर पायजे म्हणलं हुतं, समोर हाय. तुमच्या लेकीला हितंच बोलवा!"

बादशाहने घरी फोन लावला. साजियानेच उचलला.

"अब्बा, बोलला का न्हाय?"

"न्हाय! म्हंजी नंतर बोललो. मंगनी हितंच करायची म्हणत्यात!"

"माणसं किती?"

बादशाहने ओळ मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "तांदूळ वाढव," एवढंच म्हणाला.

बारा वाजता भिमाचा टेम्पो आला. त्यात डेगची, वाढवलेल्या भाताचं दुसरं पातेलं, सतरंजी, तक्के, साजिया आणि बिस्मिल्ला. बिस्मिल्लाने नवऱ्याकडे बघितलं नाही, चकार शब्द बोलली नाही. त्यावरून बादशाहला पुढचं सगळं कळलं. सिंधुबाईंनी आगटी पेटवली, हुरडा भाजायला घेतला, म्हणाल्या, "माझ्याच रानात मंगनी, मग हुरडा माझा!" बिर्याणी सगळ्यांना पुरली असं म्हणवत नाही, पण हुरड्याने सांभाळून घेतलं. जेवल्याशिवाय खरोखरच कुणी गेलं नाही. पाखरंही नाही.

मग सबिनाभाभींनी साजियाला जवळ बसवलं. डबीतून अंगठी काढली. बादशाह पुढे सरकला. आपली एवढीशी साजिया! त्याला तिने लहानपणी माइकवर म्हटलेला 'हॅलो, हॅलो' आठवला आणि त्याने कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले. सबिनाभाभींनी अंगठी तिच्या बोटात सरकवली, आणि वरून, अत्यंत स्पष्ट आवाजात, कर्णा गरजला.

"हाऽऽ हुर्रर्र! चल निघ हितनं! पुन्यांदा दिसू नगंस!"

कार्ड फिरून पहिल्यावर आलं होतं. या सगळ्या गडबडीत ते बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाखरं एकदम उठली. आबाजी उठले. सद्दाम उठला आणि सवयीने गाडी सरळ करायला धावला. साजिया एकटी बसल्या जागी खदाखदा हसत सुटली, आणि तिच्या पाठोपाठ सबिनाभाभी, पोट धरून.

"पोरगी घाबरत न्हाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या घरात टिकंल!"

अशी मंगनी झाली. सोमवारी बादशाह स्वतः पाचही शेतांत फिरला आणि कार्डात फक्त हुर्र ठेवलं. पाखरं हटली, ज्वारी वाचली, कर्णे कामाला लागले. आणि घरातली पुढची खोली मोकळी! मंगळवारी सकाळी बिस्मिल्ला त्याच्याशी दोन वाक्यं बोललीसुद्धा. "चहा ठेवलाय," आणि "थंड हुतोय."

बादशाहची कॉलर पुन्हा ताठ झाली. तो सतरंजीवर ऐसपैस पडून तिला सांगत होता, "बघ, म्हणलं हुतं का न्हाय? एक बी भंगारात न्हाय गेला!" तेवढ्यात दारात छोटा टेम्पो थांबला. भिगवणचा. पाठोपाठ सबिनाभाभींचा फोन.

"भाई, लिलावाच्या शेडवर जुने कर्णे पडून हुते. कुणी चेपलेले, कुणी जळालेले. भंगारात घालणार हुते, तर तुमची आठवण झाली! म्हणलं, ह्या माणसाला कर्ण्यांची कदर हाय. आमच्याकडनं भेट समजा. ठेवा जपून!"

व्याह्यांची भेट. नाही म्हणता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, आणि भंगारात तर घालताच येत नाही. सोळा कर्णे उतरले. अकरा मावायचे त्या खोलीत सोळा. शेवटचे दोन दाराबाहेर रस्त्यातच राहिले. सगळ्यांना मासळीचा वास, तो वेगळा.

बिस्मिल्ला आतून बाहेर आली. कर्ण्यांवरून नजर फिरवली. हातातला भात वाढायचा डाव तोंडाशी धरला, त्यात दोनदा फुंकर मारली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "रस्त्यात आडवे लावलेले कर्णे मालकानं तातडीनं काढावेत! आन् नम्र विनंती, काढल्याशिवाय मालकानं जेवायला येऊ नये!"

दार लागलं. आवाज काय होता! कर्ण्याची गरजसुद्धा नव्हती. बादशाह दाराबाहेर त्या दोन कर्ण्यांच्या मधे बसला. मग त्याने सिंधुबाईंना फोन लावला आणि हळू आवाजात, हुरडा थोडाफार शिल्लक आहे का, एवढंच विचारलं.